नुईची चांदणी

नुईची शीळ लांब होती.

पाण्यातून वर आली की आमच्या गावची प्रत्येक आमा, म्हणजे समुद्रात बुड्या मारणारी बाई, कोंडलेला श्वास ओठांच्या फटीतून सोडते आणि त्याची शीळ होते. कुणाची तुटकी, कुणाची कापरी, कुणाची उकळत्या किटलीसारखी. नुईची आधी बारीक निघे, मग भरत जाई आणि शेवटी पुन्हा बारीक होऊन पाण्यावरच्या धुक्यात विरून जाई. मी टब बनवतो. देवदाराच्या फळ्या जुळवून, बांबूच्या विणलेल्या पट्ट्यांनी आवळून, बायका पाण्यावर तरंगत ठेवतात ते टब. माझी शेड भरतीच्या रेषेपासून तीस पावलांवर आहे. चाळीस वर्षे मी रंधा मारता मारता शिळा ऐकल्या, आणि कोण वर आली हे मान न उचलता सांगू शकत असे. ह्यात बढाई नाही. माझ्या टबातून कधी पाणी झिरपले नाही, ह्यात जशी नाही तशीच.

आमचे गाव कानेउरा शिमा द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला आहे. इथे पुरुष मोठ्या बोटींवर दूर जातात आणि बायका घराजवळच्या समुद्रात बुड्या मारतात. नुई तेराव्या वर्षी पाण्यात उतरली. तिची आई आमा, आजी आमा, आणि आजीच्या मागे कोण होते हे कुणाला आठवत नसले तरी ती आमाच असणार. एकोणिसाव्या वर्षी ती तोकुमात्सुच्या घरी आली. तोकुमात्सुचा एक पाय लहानपणी बोटीखाली सापडून अधू झालेला. म्हणून तो दूरच्या बोटींवर जाऊ शकला नाही आणि बायकोची दोरी धरून बसला. ती कमरेला दोरी बांधून, हातात वजन घेऊन सरळ खाली जाई. दोरीला एक हिसका म्हणजे सैल सोडा. दोन हिसके म्हणजे ओढा. त्या नवराबायकोचे निम्मे आयुष्य दोरीवरच बोलण्यात गेले असावे. उरलेले निम्मे असे:

"अहो, दोरी ओढताय की डुलक्या काढताय?"

"तू खाली काढतेस, मी वर काढतो."

बुटकी, रुंद खांद्यांची बाई. जमिनीवर चालायची ती बदकासारखी, आणि पाण्यात गेली की तिला वजनच नसायचे. भात शिजवायची तो खाली लागायचा. शिवण तिला येत नव्हते. वावरात तिने लावलेली मुळ्याची ओळ जिथे सुरू होई तिथे संपत नसे. गावातल्या बायका तिला चिडवत, "नुई, तुला घरात कुणी ठेवून घेतलं?" ती म्हणे, "घरात असते कधी मी?"

शिवण येत नसले तरी एक गोष्ट प्रत्येक आमाला स्वतः शिवावीच लागते. डोक्याला बांधायच्या पांढऱ्या फडक्यावर दोन खुणा: एक चांदणी, एक जाळी. जाळीला इतके डोळे असतात की वाईट जे काही असेल ते आत शिरताना वाट चुकते. चांदणी एकाच दोऱ्याने शिवायची, मध्ये दोरा तोडायचा नाही. सुई जिथून निघाली तिथेच परत आली पाहिजे. बाईही तशीच पाण्यातून परत यावी म्हणून. नुईने तिची पहिली चांदणी शिवली तेव्हा पाचव्या कोपऱ्याला दोरा संपत आला. तोडायचा तर नाही. मग तिने कोपरा आखूड केला आणि कशीबशी सुई मूळ जागी आणली. त्या फडक्याने तिला पहिल्या वर्षी सुखरूप परत आणले, म्हणून पुढच्या प्रत्येक फडक्यावर तिने मुद्दाम तसाच आखूड कोपरा शिवला. जांभळा दोरा, चार कोपरे लांब, पाचवा तोकडा. गावात तशी चांदणी दुसरी नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आमच्या पाण्यात आणखी एक बाई असते. तिचे नाव जमिनीवर घेत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. तिच्याविषयी बोलायचेच असेल तर बायका बोटीत बसून, खाली पाणी असताना, हळू आवाजात बोलतात. ढगाळ दिवशी, पाणी गढूळ असताना ती दिसते. अगदी तुमच्यासारखी. तीच उंची, तेच पांढरे कपडे. ती हसते आणि तुमच्यापुढे आवाबी धरते. आवाबी म्हणजे आमच्या खडकांना चिकटून बसणारा जाडजूड शिंपला, ज्याच्यावर गाव जगते. आवाबी हातात घ्यायला गेलात की ती बाई थोडी मागे सरते, थोडी खोल, आणि त्यापेक्षा मोठी दाखवते. मग आणखी खोल. म्हणून ती दिसली की हात पाठीमागे बांधायचे आणि वर यायचे. तिची ओळख एकच: तिच्या फडक्यावर चांदणी नसते. म्हणतात, तिला शिवता येत नाही.

युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. नुई तेव्हा एक्कावन्न वर्षांची. आदल्या शरद ऋतूत तिच्या मुलाचे, योशिहारुचे लग्न झाले आणि महिनाभरात तो बोनितो मासळीच्या बोटीवर दक्षिणेला निघून गेला. सून चिझुए डोंगरातली. बाप कोळशाच्या भट्ट्या लावणारा. समुद्र तिने पहिल्यांदा लग्नाच्या दिवशी पाहिला आणि विचारले, "हा संध्याकाळी कुठं जातो?" ओहोटीने मागे गेला होता. ह्यावर गाव महिनाभर हसले.

"नुई, डोंगरातली सून आणलीस," माझी बायको फुजिए तिला म्हणाली. "आता हिला दोरी बांधून झाडावर चढव."

"झाडावर चढते तीसुद्धा तुमच्या सुना पोहतात त्यापेक्षा बरी," नुई म्हणाली.

सुनेची बाजू ती नेहमी घेई. पण तिला पाण्यात ये असे कधी म्हणाली नाही. आमच्या मुली चालायच्या आधी पोहतात. वीस वर्षांच्या डोंगरकन्येला आता कोण शिकवणार. तिला तिने टेकडीवरचे रताळ्याचे वावर दिले आणि तो विषय संपवला. वावरात चिझुएने दोन महिन्यांत ओळी अशा सरळ केल्या की लोक बघायला जात.

त्याच शरद ऋतूत, वादळ येऊन गेल्यावरच्या भरल्या समुद्रात, एका लाटेने नुईच्या डोक्यावरचे फडके ओढून नेले. तिने नवे शिवले, आखूड कोपऱ्यासकट, आणि जुने विसरून गेली.

मग उन्हाळा आला. आवाबी काढायला पाणी खुले होऊन तीनच दिवस झाले होते. त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखेसारखे होते आणि दुपारी वारा फिरला. तोकुमात्सुने बोट भूशिराच्या मागे, सुळक्याच्या आडोशाला नेली. तिथे सहसा कुणी जात नाही, कारण ओढ्याचे पाणी येऊन मिळते आणि खाली धुरकट असते. नुई दोनदा बुडी मारून वर आली. तिसऱ्यांदा ती खडकाच्या कडेकडेने वर येत होती. पृष्ठभागापासून तीन वाव खाली सुळक्याच्या बाजूने एक पांढरी बाई समोर आली. डोळ्यांवर काच, तोंडावर हसू. हात लांब करून तिने नुईपुढे आवाबी धरली.

नुईने हात पाठीमागे नेले. आणि मग तिने फडके पाहिले.

दोरीला किती हिसके बसले हे तोकुमात्सुलाही सांगता आले नाही. त्याने अशी ओढली की तळहाताची साल निघाली.

"काय झालं?"

"किनाऱ्याला चला."

"जाळीत काहीच नाही अजून."

"चला म्हटलं ना."

शीळ वाजलीच नाही. मला शेडमध्ये त्याचेच नवल वाटले होते: बोट परत आली आणि तिसऱ्या बुडीची शीळ कुठे गेली? मग मी मान वर केली. धक्क्याजवळ बांधलेल्या एका बोटीत सहा बायका अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी बसल्या होत्या. बोट कुठेच जात नव्हती. मी रंधा खाली ठेवला. असे बसणे कशासाठी असते हे इथल्या प्रत्येक पुरुषाला कळते, आणि कळले की तो दुसरीकडे बघतो.

बोटीत फुजिए होती, म्हणून पुढचे मला माहीत आहे. मध्ये कुमे आजी बसली होती; चौऱ्याहत्तर वर्षांची, अजून बुडी मारणारी, आणि पाण्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

"हसली?" कुमे आजीने विचारले.

"हसली."

"पुढे केली?"

"केली. एका हातानं."

"घेतलीस?"

"हात मागे बांधले."

"शहाणी आहेस. फडकं बघितलंस?"

नुईने बोटीच्या तळाकडे पाहिले. तिथे साचलेले पाणी इकडून तिकडे जात होते.

"चांदणी होती," ती म्हणाली. "जांभळी. आखूड कोपऱ्याची. गेल्या वर्षी लाटेनं नेली ती माझीच."

फुजिए सांगते की तिने नकळत स्वतःच्या डोक्यावरचे फडके चाचपले. पाण्यातल्या त्या बाईला चांदणी शिवता येत नाही, एवढाच तर आधार होता. आता तिला आयती मिळाली होती.

"मग ऐक," कुमे आजी म्हणाली. "तुझी परतीची खूण तिच्याकडे गेली. आता खालच्या पाण्याला तू कोण आणि ती कोण हे कळणार नाही. रिवाजाप्रमाणे तीन दिवस कुणीच उतरायचं नाही. चौथ्या दिवशी बाकीच्या उतरतील. तू नाही."

"यंदा नाही?"

"यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझी पट्टी देवळात ठेवून ये."

पट्टी म्हणजे आवाबी खडकावरून उचकटायची लोखंडी पट्टी. नुईची तिच्या आईकडून आलेली.

"मग मी करू काय, आजी?"

"जमिनीवर बायका करतात ते."

"मला ते येत नाही."

"शिकशील," कुमे आजी म्हणाली, आणि तिनेच तोंड फिरवले.

तीन दिवस कानेउरामध्ये एकही शीळ वाजली नाही. समुद्र होता तिथेच होता, लाटा येत होत्या, पण मला कान बंद झाल्यासारखे वाटत होते. चाळीस आमा कोरड्या अंगाने दारात बसून शेंगा सोलत होत्या आणि एकमेकींशी भांडत होत्या. नुई भांडतही नव्हती. ती पडवीत बसून समुद्राकडे पाठ करून दोऱ्या विंचरत होती. तोकुमात्सुच्या सोललेल्या हाताला चिंधी बांधलेली. तो तिच्या शेजारी बसे. दोघांच्या मध्ये दोरीचे वेटोळे, आणि कुणीच हिसका देत नव्हते.

आणि घरात एक तिसरे माणूस होते, जे ह्या तीन दिवसांत त्या दोघांपेक्षाही जास्त वाळले. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

चिझुएने पहिल्या संध्याकाळी सासऱ्याला विचारले होते, "बाबा, पाणी का बंद केलंय?"

तोकुमात्सु जमिनीवर होता. नाव घ्यायचे नाही, गोष्ट सांगायची नाही. तो म्हणाला, "सुळक्यामागं कुणीतरी दिसलं."

"कोण?"

"तिथं जे असायला नको होतं ते."

"मग आता काय करतील?"

"परवा सकाळी देवळात निवाडा आहे."

चिझुए आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नुईने एकदा विचारले, "पोट बिघडलंय का?" ती नाही म्हणाली. ह्यापुढे नुईला स्वतःच्या दुःखातून डोके वर काढता आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नुईने पट्टी राखेने घासली, तेलाचा हात फिरवला आणि पांढऱ्या कागदात गुंडाळली. दारात उभी राहून ती म्हणाली, "चिझुए, माझ्यापुरती एक कुदळ काढून ठेव. उद्यापासून मी तुझ्याबरोबर वावरात येते."

"आणि समुद्र, आई?"

"झाला तेवढा पुरे झाला."

पुढचे नुईनेच नंतर, आमा अंग शेकतात त्या शेकोटीच्या झोपडीत शंभर वेळा सांगितले, दोघींचेही आवाज काढून. तिथे पुरुषांना जायला बंदी, पण भिंती पेंढ्याच्या आहेत आणि माझी शेड लांब नाही. चिझुए काही न बोलता आत गेली. आपल्या कपड्यांच्या टोपलीच्या तळातून तिने घडी घातलेले एक फडके काढून आणले, सासूच्या पायांपुढे ठेवले, आणि मातीच्या जमिनीवर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले.

"पट्टी नेऊ नका, आई. चोर मी आहे. तुम्ही कशाला शिक्षा घेता?"

नुईने खाली पाहिले. जांभळा दोरा. चार कोपरे लांब, पाचवा तोकडा.

ती घाबरली, पण स्वतःसाठी नाही. तिला वाटले, ती बाई पाण्यातून निघून घरापर्यंत आली आणि आता पोरीलाही बोलावून गेली. तिने खाली वाकून चिझुएचे मनगट पकडले. "हे तुला कुणी दिलं? खरं सांग. कोण आलं होतं?"

"कुणी नाही. खडकात अडकलेलं सापडलं. थंडीत, शेवाळ वेचायला गेले होते तेव्हा."

नुईच्या मुठीतले मनगट गरम होते. बोटे रताळ्याच्या चिकाने काळी पडलेली. नुई म्हणायची, त्या चिकाने मला शुद्धीवर आणलं. पाण्यातल्या त्या बाईच्या हाताला रताळ्याचा चीक कुठून लागणार?

"आणि मग?"

"धुऊन ठेवलं. द्यायचं होतं तुम्हाला. पण..." चिझुएने कपाळ वर उचलले नव्हते, ती जमिनीशीच बोलत होती. "ह्या घरात सगळ्यांच्या अंगाला मिठाचा वास येतो. माझ्या एकटीच्या मातीचा. मला वाटलं, आपणही शिकावं. वावरातलं काम आटपून रोज थोडा वेळ सुळक्यामागं जायचे. तिथं कुणी हसायला नसतं. तुमची चांदणी डोक्याला असली की भीती वाटायची नाही. संस्थेची सभासद नसताना उतरायचं नसतं हे मला ठाऊक होतं. म्हणून घेत काही नव्हते. नुसती बघायचे आणि वर यायचे."

"त्या दिवशी तर हातात होती तुझ्या."

"पहिल्यांदाच सुटली खडकावरून. कोयत्याच्या मुठीनं. चार बोटांपेक्षा लहान असेल तर परत लावायची ना? मला कळेना ही चार बोटं आहे की साडेतीन. तेवढ्यात तुम्हीच समोर आलात. मला इतकं बरं वाटलं, मी पुढे धरून विचारलं."

"काय विचारलंस?"

"लहान आहे का म्हणून."

नुईने तिचे मनगट सोडले.

"तुम्ही हात मागे घेतलेत," चिझुए म्हणाली. "मी समजले, लहान आहे, शिवूसुद्धा नकोस. लगेच खडकाला लावली परत. वर आले तर बोट निघून गेलेली. एवढ्या रागावलात, की सगळ्या गावाचं पाणी बंद झालं."

आधी नुईच्या खांद्यांना हिसके बसले. चिझुएला वाटले सासू रडते आहे, म्हणून ती आणखी खाली वाकली. मग नुई भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत जमिनीवर बसली, तोंडावर हात धरला, आणि हाताच्या फटीतून तिचे हसू बाहेर आले, लांब, आधी बारीक, मग भरत जाणारे. मी शेडमध्ये ते ऐकले. तीन दिवसांनी काहीतरी ओळखीचे ऐकू आले, एवढेच तेव्हा कळले.

तोकुमात्सु लंगडत पडवीतून आला. "काय झालं?"

"अहो, तुमच्या हाताची साल सुनेनं काढली."

त्याने फडके पाहिले, सून पाहिली, बायको पाहिली. त्याला सगळे जुळवायला वेळ लागला. मग त्याने विचारले, "लहान होती का?"

"कोण?"

"आवाबी."

"साडेतीन बोटं," नुई डोळे पुसत म्हणाली.

देवळाच्या पायऱ्यांशी बायका जमल्या होत्या. पट्टी देवापुढे ठेवायची म्हणून सगळ्यांनी चांगले कपडे घातलेले. नुई आली ती पट्टी कमरेला खोचून आणि सुनेला मनगटाला धरून. ती थांबलीच नाही, सरळ धक्क्याकडे निघाली. "बोटीत चला," ती म्हणाली. एका बोटीत मावेनात, म्हणून तीन बोटी एकमेकींना बांधल्या. मी ह्यावेळी दुसरीकडे बघितले नाही, हे कबूल करतो.

नुईने सांगितले. तिचे सांगून झाल्यावर चिझुएने पुन्हा सांगितले, आणि मग ज्यांना मागच्या बोटीत ऐकू आले नव्हते त्यांच्यासाठी फुजिएने मोठ्याने सांगितले. चिझुएला पाण्यातल्या त्या बाईची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. तिचा चेहरा फडक्याहून पांढरा झाला. "मी तशी दिसले तुम्हाला?" तिने सासूला विचारले. नुई म्हणाली, "माझ्यासारखी दिसलीस. तेच भयंकर होतं."

आता सगळ्यांनी कुमे आजीकडे पाहिले. म्हातारीने चाळीस जणींना तीन दिवस बसवले होते आणि एका बाईचा समुद्र कायमचा काढून घेतला होता. तिच्या वयात शब्द मागे घेणे सोपे नसते. तिने फडके हातात घेतले, आखूड कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"किती बोटं होती म्हणालीस?"

"साडेतीन, आजी."

"मग आम्हालाच आधी कळायला हवं होतं," कुमे आजी म्हणाली. "साडेतीन बोटांची दाखवून ती कुणाला बोलावणार? इतकी चिक्कू असती तर आजवर एकही बाई भुलली नसती."

बोटी हसण्याने हलायला लागल्या. पण आजी हसली नाही. तिने चिझुएला बोट दाखवले. "उतर."

"आत्ता?"

"तीन दिवस चाळीस जणी कोरड्या बसल्यात. कुणीतरी भिजायला पाहिजे. शिवाय सुळक्यामागे होतीस ती तूच, हे मला डोळ्यांनी बघू दे."

चिझुएने नुईकडे पाहिले. नुईने ते जुने फडके तिच्या डोक्याला बांधले, गाठ नीट ओढली, आणि बोटीच्या कडेवर पट्टी दोनदा वाजवली, आमच्या आमा उतरण्याआधी वाजवतात तशी. पोर उतरली ती बेडकासारखी, पाय वेडेवाकडे मारत. कुणीतरी मोजायला लागले. वीस. पंचवीस. तिशीला नुई कडेवर वाकली. पस्तिसाला डोके वर आले, हातात तळाची मूठभर वाळू, आणि तोंडातून जो आवाज निघाला ती शीळ नव्हती. फुटक्या पुंगीत कुणी खोकावे तसे काहीतरी.

"तीच आहे," नुई म्हणाली. "हिला माझ्यासारखं वाजवता आलं असतं तर मी घाबरले असते."

तेव्हा कुमे आजी हसली. तिच्या तोंडात चारच दात होते आणि चारही दिसले.

निवाडा बोटीतच झाला. पाणी उद्या उघडायचे, नुईसह. चिझुएने काही घेतले नाही, जे घेतले ते परत लावले, म्हणून ती चोर नाही. पण न विचारता उतरली, म्हणून हंगाम संपेपर्यंत झोपडीच्या शेकोटीची लाकडे तिने आणायची. ही शिक्षा ऐकून डोंगरातली ती मुलगी इतकी खूश झाली की कुमे आजीला संशय आला. आणि खरेच, आमच्या झोपडीत त्या वर्षाइतकी उबदार, बिनधुराची शेकोटी कधी पेटली नव्हती. कोळसेवाल्याची पोर, कुठले लाकूड कसे जळते हे तिला कुणी शिकवायला नको होते.

"फडकं मात्र परत दे," आजी म्हणाली. "दुसरीच्या चांदणीनं आपली वाट सापडत नाही. तुझी तू शीव."

"शिवायला मी शिकवते," नुई म्हणाली.

"तू नको," तिन्ही बोटींमधून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये होतो. आभाळ स्वच्छ होते, भरती नुकतीच वळलेली. एक शीळ आली, ती फुजिएची. एक कुमे आजीची, किटलीसारखी. मी रंधा थांबवून वाट पाहत राहिलो. मग ती आली. बारीक निघाली, भरली, पुन्हा बारीक झाली, आणि खूप वेळ गेलीच नाही. मी शेडच्या उंबऱ्यावर बसलो आणि चहा पिऊन टाकला. त्या दिवशी माझ्या हातून काम फारसे झाले नाही.

पुढच्या वर्षी चिझुएला सभासद करून घेतले, आणि नुई टब सांगायला माझ्याकडे आली.

"नेहमीपेक्षा दोन बोटं लहान कर," ती म्हणाली.

"लहान टबाला मी हात लावत नाही. लोक म्हणतील माझ्याकडच्या फळ्या संपल्या."

"लवकर भरला की पोरगी लवकर बाहेर येईल. कर."

मी केला. तो अजून तिच्याकडे आहे आणि अजून झिरपत नाही.

नुई एकाहत्तराव्या वर्षापर्यंत बुड्या मारत राहिली. तोकुमात्सु तिच्या आधी दोन वर्षे गेला, त्यानंतर तिची दोरी चिझुए धरत असे, आणि नुई वर येऊन तिला म्हणे, "ओढतेस की रताळी उपटतेस?" शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणावर पडून शिळा ऐकायची आणि कोण आली हे ओळखायची. तिचे नि माझे ह्यावर एकदा भांडणही झाले, आणि तिचे बरोबर निघाले. चिझुएच्या शिळेत काहीही सुधारणा झाली नाही. आज ती स्वतः सासू आहे आणि तिच्या नातवंडांना दुरूनही आजी ओळखता येते. तिच्या चांदणीचे पाचही कोपरे सारखे आहेत, वावरातल्या ओळींसारखे सरळ.

एक गोष्ट मात्र मागे राहिली. आमच्या पाण्यात आता एखाद्या नव्या मुलीच्या हातात आवाबी आली आणि ती चार बोटांची आहे की नाही हे तिला ठरवता येईना, की ती जवळच्या बाईपुढे धरते. आवाबी मोठी असेल तर ती बाई मान डोलावते. लहान असेल तर दोन्ही हात पाठीमागे नेते, आणि मुलगी आवाबी परत खडकाला लावते. सहकारी संस्थेच्या नियमांच्या पाटीवर हे कुठे लिहिलेले नाही. शेजारच्या गावातून लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्या दिवशी ते बघून गोंधळतात. मग झोपडीत शेकोटीपाशी त्यांना कुणीतरी नुईचे सांगते, आणि अर्ध्यावर आले की म्हणते, पुढचं इथं नको, चल, बोटीत बसू.